विस्तृत क्षेत्र जालक : व्यावसायिक माहितीचा संचय व संरक्षण

एकमेकांपासून दूर असलेल्या शहरांतील, राज्यांतील किंवा देशांतील संगणकांना जोडणाऱ्या संदेशवहन व्यवस्थेस विस्तृत क्षेत्र जालक असे म्हणतात. व्यवहारात ते ‘वॅन’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. एका इमारतीपुरते किंवा आवारापुरते मर्यादित असलेले जालक ते स्थानिक क्षेत्र जालक होय. अशा विस्तृत जालकाचा उपयोग करून बँका, विमा कंपन्या, शेअरबाजार, कारखाने व व्यापारी संस्था आपल्या व्यवहारांच्या नोंदी मूळ ठिकाणापासून दूर असलेल्या दुसऱ्या केंद्रात साठवितात. मूळ ठिकाणी आग, पूर, भूकंप, वीजपुरवठ्यातील बिघाड, यंत्रातील दोष किंवा मानवी घातपात घडला, तरी नोंदी वाचाव्यात व काम पुन्हा सुरू करता यावे, हा त्यामागील हेतू असतो. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेचा विकास, तिच्या प्रमुख पद्धती, भौतिक मर्यादा व भारतातील स्थिती यांचे विवेचन केले आहे. [→ संगणक, संदेशवहन, माहिती संस्करण].

गरज व मूलभूत संकल्पना : आधुनिक व्यवसायात पैसा, माल व हक्क यांचे अस्तित्व बव्हंशी नोंदींच्या रूपाने असते. ठेवीदाराची ठेव ही बँकेच्या संगणकातील एक नोंद असते आणि गुंतवणूकदाराचे भागही आता कागदी प्रमाणपत्रांऐवजी नोंदींच्याच रूपात राहतात. इमारत जळाली तर ती पुन्हा बांधता येते व यंत्रे नवी आणता येतात. नोंद मात्र एकदा नष्ट झाली आणि तिची दुसरी प्रत कोठेच नसली, तर ती कोणत्याही खर्चाने परत मिळत नाही.

संरक्षणाची योजना आखताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात. पहिला प्रश्न म्हणजे आपत्तीच्या क्षणापूर्वीच्या किती काळातील नोंदी गमावणे संस्थेला परवडेल, हा होय. या काळास ‘पुनःप्राप्ती बिंदू’ असे म्हणता येईल. दुसरा प्रश्न म्हणजे काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, हा होय. या काळास ‘पुनःप्राप्ती अवधी’ म्हणता येईल. रोज रात्री एकदाच प्रत काढणाऱ्या दुकानदाराचा पुनःप्राप्ती बिंदू सु. २४ तासांचा असतो. शेअरबाजाराला तो काही मिनिटांचा किंवा शून्यही ठेवावा लागतो. हे दोन्ही काळ जितके लहान, तितका जालकावरील भार व खर्च अधिक असतो. पुढील सर्व पद्धतींमधील निवड या दोन आकड्यांवर अवलंबून असते.

ऐतिहासिक विकास : मूळ दस्तऐवजांची प्रत दूर ठेवण्याची पद्धत संगणकाच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अणुयुद्धाच्या भीतीच्या काळात, १९५१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील एका निकामी लोहखाणीत व्यापारी संस्थांचे दस्तऐवज ठेवण्याचा व्यवसाय सुरू झाला. ‘आयर्न माउंटन’ ही आजची मोठी कंपनी त्यातूनच उभी राहिली. त्याच सुमारास संगणकासाठी चुंबकीय फीत वापरात आली आणि १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली व्यापारी चुंबकीय डिस्क आणली. तिच्यात ५० तबकड्या असून सु. ५० लक्ष अक्षरे मावत. डिस्कवरील नोंदींची प्रत रात्री फितीवर घ्यावयाची व ती फीत मोटारीने दुसऱ्या इमारतीत पाठवावयाची, ही पद्धत पुढील तीन दशके सर्वत्र रूढ होती.

केवळ फीत सुरक्षित असून भागत नाही, ती वाचण्यासाठी सज्ज संगणकही हवा, हे ध्यानात आल्यावर तयार संगणक-केंद्र अनेक ग्राहकांना सामाईकपणे भाड्याने देण्याची सेवा निघाली. १९७८ मध्ये फिलाडेल्फिया येथे सुरू झालेले असे एक केंद्र पुढे ‘सनगार्ड’ या नावाने प्रसिद्धीस आले.

दरम्यान जालकांचा विकास होत होता. संदेशाचे लहान पुडके करून ते स्वतंत्र मार्गांनी पाठविण्याची कल्पना पॉल बॅरन (अमेरिका) व डॉनल्ड डेव्हिस (इंग्लंड) यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे मांडली. बॅरन यांचा उद्देश हल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेले जालक चालू राहावे, हा होता. या तत्त्वावरील ‘अर्पानेट’ जालकावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. सार्वजनिक पुडके-जालकांसाठी ‘एक्स. २५’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७६ मध्ये संमत झाले. बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांसाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्विफ्ट’ संस्थेचे जालक १९७७ मध्ये कार्यान्वित झाले. तथापि त्या काळच्या जोडण्यांचा वेग सेकंदाला काही हजार बिट एवढाच असल्याने त्यांवरून संदेश जात, संपूर्ण नोंदसंग्रह जाऊ शकत नसे.

ही अडचण प्रकाशीय तंतूंनी दूर केली. अटलांटिक महासागरातील पहिली प्रकाशीय तंतूंची केबल १९८८ मध्ये सुरू झाली. यानंतर फीत मोटारीने नेण्याऐवजी तिच्यावरील मजकूर तारेने दूरच्या केंद्रात पाठविणे शक्य झाले. १९९४ मध्ये ईएमसी कंपनीने एका डिस्कसंचावर होणारे प्रत्येक लेखन दूरच्या दुसऱ्या डिस्कसंचावर आपोआप उमटविणारी प्रणाली बाजारात आणली. २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने इंटरनेटवरून कोणालाही भाड्याने मिळणारी संचयसेवा सुरू केली. तेव्हापासून स्वतःचे दुसरे केंद्र उभारण्याची ऐपत नसलेल्या लहान संस्थांनाही दूरस्थ संचय सुलभ झाला. ‘क्लाउड’ या नावाने ओळखली जाणारी सेवा ती हीच.

जालकाचे दुवे : दूरच्या दोन केंद्रांना जोडण्यासाठी दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र वाहिनी, अनेक ग्राहकांच्या सामाईक वापराचे परंतु प्रत्येकाची वाहतूक वेगळी राखणारे जालक, सार्वजनिक इंटरनेटवरून नेलेली सांकेतिक वाहिनी किंवा उपग्रह हे पर्याय असतात. उपग्रहाची जोडणी दुर्गम भागात लवकर उभारता येते. परंतु भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संदेश पोहोचण्यास सु. पाव सेकंद आणि उत्तर परत येण्यास तितकाच वेळ लागतो. त्यामुळे संदेशांसाठी तो चालतो, मात्र प्रत्येक लेखनाची पोच मागणाऱ्या संचयपद्धतीस तो सोयीचा नाही.

नोंदी दूर नेण्याच्या पद्धती : (१) नियतकालिक राखीव प्रत : यालाच व्यवहारात ‘बॅकअप’ म्हणतात. ठरावीक वेळी संपूर्ण संग्रहाची किंवा आधीच्या प्रतीनंतर बदललेल्या भागाचीच प्रत दूरच्या केंद्राकडे पाठविली जाते. जुन्या प्रती काही आठवडे किंवा वर्षे जपून ठेवल्या जातात. ही पद्धत स्वस्त असली, तरी शेवटच्या प्रतीनंतरच्या नोंदी आपत्तीत नष्ट होतात.

(२) समकालिक प्रतिकृती : या पद्धतीत मूळ केंद्रातील लेखन दूरच्या केंद्रातही पूर्ण होऊन त्याची पोच आल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानले जात नाही. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या नोंदी सदैव सारख्या राहतात आणि पुनःप्राप्ती बिंदू शून्य असतो. मात्र प्रत्येक लेखनाला पोच येईपर्यंत थांबावे लागते.

(३) असमकालिक प्रतिकृती : येथे व्यवहार मूळ केंद्रात लगेच पुरा होतो व त्याची प्रत काही क्षणांनी दूर पोहोचते. अंतराची मर्यादा उरत नाही. परंतु वाटेत असलेल्या नोंदी आपत्तीत गमावल्या जातात. या पद्धतीत लेखनाचा क्रम राखणे अत्यावश्यक असते. समजा, एका खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद दूर पोहोचली व दुसऱ्या खात्यात ती जमा झाल्याची पोहोचली नाही, तर दूरची प्रत अपुरी राहतेच, पण ती खोटेही सांगू लागते. म्हणून परस्परसंबद्ध नोंदी एकाच गटात बांधून त्याच क्रमाने लिहिल्या जातात.

मोठ्या संस्था या पद्धतींचा संयोग करतात. मूळ केंद्राजवळ काही किमी. अंतरावर समकालिक प्रत, शेकडो किमी. दूर असमकालिक प्रत आणि त्याखेरीज नियतकालिक राखीव प्रती, अशी त्रिस्तरीय रचना बँका व शेअरबाजार यांत आढळते.

अंतर, वेळ व पट्टरुंदी : काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. वेगाने जातो. म्हणजे १०० किमी. लांबीच्या तंतूतून संदेश जाऊन त्याची पोच परत येण्यास किमान १ सहस्रांश सेकंद लागतो आणि १,००० किमी.ला १० सहस्रांश सेकंद लागतात. एकामागून एक करावयाची लेखने समकालिक पद्धतीने १०० किमी.वर सेकंदाला १,००० पेक्षा व १,००० किमी.वर १०० पेक्षा अधिक होऊ शकत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या वेगाची असल्याने अधिक पैसे देऊन ती ओलांडता येत नाही. म्हणूनच समकालिक केंद्र जवळ ठेवावे लागते. जवळचे केंद्र मात्र त्याच पुराच्या किंवा भूकंपाच्या तडाख्यात सापडू शकते. व्यावसायिक माहितीच्या संरक्षणातील मूळ पेच हाच आहे.

पट्टरुंदी म्हणजे जोडणीतून सेकंदाला जाऊ शकणाऱ्या बिटांची संख्या. ती पैसे देऊन वाढविता येते. तिचे महत्त्व पुढील कोष्टकावरून कळेल. १ टेराबाइट (१ लाख कोटी बाइट) एवढी माहिती पूर्ण क्षमतेने पाठविण्यास लागणारा वेळ त्यात दिला आहे.

कोष्टक. १ टेराबाइट माहितीच्या प्रेषणास लागणारा वेळ

जोडणीचा वेग (प्रतिसेकंद) — लागणारा वेळ
६४ हजार बिट — सु. ४ वर्षे
२० लक्ष बिट — सु. ४६ दिवस
१० कोटी बिट — सु. २२ तास
१०० कोटी बिट — सु. २ तास १३ मिनिटे
१,००० कोटी बिट — सु. १३ मिनिटे

प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो. इंटरनेटवरील सर्वसाधारण प्रेषणपद्धतीत पाठविणारा संगणक ठरावीक बाइट पाठवून पोचेची वाट पाहतो. मूळ नियमांत ही मर्यादा ६५,५३५ बाइट होती. पोच येण्यास ४० सहस्रांश सेकंद लागत असतील, तर अशा एका प्रवाहाचा वेग सेकंदाला सु. १·३ कोटी बिटांपलीकडे जात नाही, मग जोडणी कितीही रुंद असो. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची सोय करण्यात आली. तरीही दूरच्या जोडण्यांवर अनेक प्रवाह समांतर चालविणारी खास उपकरणे वापरली जातात.

पट्टरुंदीचा हिशेब सरासरीवर करणे घातक असते. समजा, जोडणी सेकंदाला १० कोटी बिटांची आहे आणि दिवसातील गर्दीच्या एका तासात नोंदींचे लेखन २० कोटी बिटांच्या वेगाने होते. तासाअखेर सु. ४५ अब्ज बाइट रांगेत साचतात आणि दूरची प्रत मूळ नोंदींच्या अर्धा तास मागे पडलेली असते. सरासरी भार जोडणीच्या आवाक्यात असला, तरी नेमक्या त्या वेळी आपत्ती ओढवल्यास अर्ध्या तासाचे व्यवहार गमवावे लागतील.

याहून अधिक वेळा दुर्लक्षिली जाणारी बाब परतीच्या प्रवासाची आहे. १० टेराबाइट संग्रह असलेल्या संस्थेत रोज २ टक्के माहिती बदलत असेल, तर तेवढा बदल १० कोटी बिटांच्या जोडणीवरून साडेचार तासांत रात्रीतून पाठविता येतो. व्यवस्था सुरळीत दिसते. परंतु मूळ संग्रह नष्ट झाल्यावर संपूर्ण १० टेराबाइट त्याच जोडणीवरून परत आणावयास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. अशा प्रसंगी जुनी वाहतूक-पद्धतीच श्रेष्ठ ठरते. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या ‘एलटीओ’ चुंबकीय फितीत १८ टेराबाइट माहिती मावते. अशा १०० फिती घेऊन निघालेली मोटार चार तासांत पोहोचली, तर तिचा वेग सेकंदाला सु. १ लाख कोटी बिट पडतो. अर्थात फीत लिहिण्या-वाचण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

वाहतूक कमी करण्याची तंत्रे : माहितीतील पुनरावृत्ती हेरून तिचे आकारमान घटविण्याची प्रभावी रीत याकोब झिव्ह व आब्राहम लेंपेल यांनी १९७७ मध्ये मांडली. तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या आजही वापरल्या जातात. बदललेला भागच नेमका शोधून पाठविण्यासाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यात दोन्ही टोकांचे संगणक फाइलीच्या तुकड्यांचे संक्षिप्त गणिती ठसे परस्परांशी ताडून पाहतात व न जुळणारे तुकडेच जालकावरून जातात. याच तत्त्वाच्या विस्ताराने, अनेक कर्मचाऱ्यांकडे असलेली एकच फाइल एकदाच साठवून इतरत्र तिचा केवळ निर्देश ठेवता येतो.

गुप्तता : माहिती संस्थेच्या आवाराबाहेर जाताच ती परक्याच्या हाती पडण्याची शक्यता उद्‌भवते. म्हणून ती पाठविण्यापूर्वी सांकेतिक रूपात बदलली जाते. अमेरिकेने १९७७ मध्ये स्वीकारलेले ‘डीईएस’ हे मानक कालांतराने दुबळे ठरल्याने २००१ मध्ये ‘एईएस’ मानक संमत झाले व तेच आता जगभर प्रचारात आहे. प्रेषणकाळात आणि साठविलेल्या अवस्थेत, अशा दोन्ही वेळी सांकेतिक रूप राखणे इष्ट असते. मात्र सांकेतिक प्रत उलगडण्याची किल्लीच मूळ केंद्रात ठेवलेली असेल व ती आगीत गेली, तर दूरची प्रत निरुपयोगी होते. किल्लीचे अनेक भाग करून त्यांपैकी ठरावीक संख्येचे भाग एकत्र आल्यासच ती पुन्हा सिद्ध व्हावी, अशी गणिती योजना आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. ती या कामी उपयोगी पडते.

प्रतिकृती आणि राखीव प्रत यांतील भेद : हे दोन शब्द अनेकदा समानार्थी समजले जातात. ती गंभीर चूक होय. प्रतिकृती मूळ नोंदीतील प्रत्येक बदल इमानाने उतरवून घेते. तो बदल चुकीचा असला, किंवा दुष्ट आज्ञावलीने नोंदी पुसल्या असल्या, तरी तेही क्षणार्धात दूरच्या केंद्रात उतरते. प्रतिकृतीमुळे यंत्राच्या व इमारतीच्या नाशापासून संरक्षण मिळते, परंतु चुकीपासून व घातपातापासून संरक्षण केवळ जुन्या, अलिप्त ठेवलेल्या प्रतीच देतात.

याचे बोलके उदाहरण जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीच्या हल्ल्यात दिसले. ‘मर्स्क’ या डेन्मार्कच्या जहाजवाहतूक समूहाचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी झाले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात हा समूह चालवीत असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांचे अधिकार नोंदणारे या समूहाचे सु. १५० नियंत्रक संगणक परस्परांच्या प्रतिकृती ठेवीत. एखादा बंद पडला तर इतर आहेत, हा त्यामागील विचार होता. सर्वच एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती. घाना येथील एक नियंत्रक संगणक हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जालकापासून तुटलेला होता, म्हणून तेवढा वाचला. परंतु तेथील जोडणी इतकी अरुंद होती, की त्यातील माहिती इंग्लंडला पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. अखेर ती डिस्क नायजेरियामार्गे विमानाने नेण्यात आली. समूहाला सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणकांवर सर्व आज्ञावली पुन्हा चढवाव्या लागल्या.

यावरून निघालेला व्यवहारी नियम असा : माहितीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी असावी. आता त्यास आणखी एक जोड दिली जाते, ती म्हणजे एक प्रत जालकापासून पूर्णपणे तोडलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी व्यवस्थापकालाही, पुसता न येणारी असावी.

जालक तुटल्यास : समकालिक जोडणी तुटते तेव्हा मूळ केंद्रापुढे दोनच मार्ग असतात. एक तर व्यवहार थांबवावयाचे, किंवा दूरच्या प्रतीविना ते पुढे चालू ठेवावयाचे. शिवाय, जोडणी तुटली की दुसरे केंद्र नष्ट झाले, हे एका केंद्राला निश्चितपणे कळत नाही. दोन्ही केंद्रे स्वतःस मुख्य समजून निरनिराळे व्यवहार नोंदवू लागल्यास त्यांचा मेळ घालणे दुष्कर होते. यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक साक्षी संगणक ठेवून बहुमताने निर्णय करण्याची योजना असते.

एकाहून अधिक जोडण्या घेणे हा नेहमीचा उपाय होय. पण त्या खरोखरच निराळ्या मार्गांनी जातात की नाही, हे पाहावे लागते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्राशेजारची दूरध्वनी कंपनीची इमारत निकामी झाली. वेगवेगळ्या कंपन्यांकडून वाहिन्या घेतलेल्या अनेक वित्तसंस्थांना त्या वेळी कळून आले, की त्यांच्या सर्व वाहिन्या त्याच इमारतीतून जात होत्या. शेअरबाजार १७ सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. त्यानंतर अमेरिकी नियामकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात किमी.चा आकडा ठरविण्याऐवजी, राखीव केंद्र मूळ केंद्राच्याच वीज, पाणी, दळणवळण व दूरसंचार यंत्रणांवर अवलंबून नसावे, या तत्त्वावर भर दिला.

भारतातील स्थिती : १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्राचे ‘निकनेट’ व सीएमसी कंपनीचे ‘इंडोनेट’ ही विस्तृत जालके उभी राहिली. मुंबईतील राष्ट्रीय शेअरबाजाराने १९९४ मध्ये उपग्रहाद्वारे देशभरातील दलालांना जोडून व्यवहार सुरू केले. १९९९ मध्ये हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने बँकांसाठी ‘इन्फिनेट’ जालक कार्यान्वित केले. त्यानंतर शाखांतील खातेवह्या एका मध्यवर्ती संग्रहात आणण्याची पद्धत पसरली. पूर्वी एका शाखेत आग लागली, तर त्या शाखेचीच खाती धोक्यात येत. मध्यवर्ती संग्रहामुळे ग्राहकाची सोय झाली, पण संपूर्ण बँकेचे भवितव्य एका केंद्रावर विसंबू लागले. त्यामुळे दूरस्थ प्रत ही अपरिहार्य गरज बनली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस पडून वीज, वाहतूक व दूरध्वनी एकाच वेळी कोलमडले. एकाच शहरात दोन केंद्रे ठेवण्यातील धोका या घटनेने स्पष्ट केला.

शेअरबाजारांसाठी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबीने) मुख्य केंद्र, नजीकचे केंद्र व दूरस्थ केंद्र अशी रचना आवश्यक ठरविली असून दूरस्थ केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण विभागात असावे व ते शक्य नसल्यास किमान ५०० किमी. दूर असावे, असे २०१९ मध्ये सांगितले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराच्या दोन दूरसंचार पुरवठादारांच्या जोडण्यांत बिघाड झाला. त्याचा परिणाम संचयप्रणालीवर होऊन व्यवहारांतील जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बंद पडली. ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविलेले व्यवहार दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. चेन्नई येथील दूरस्थ केंद्र असूनही कामकाज तेथे हलविण्यात आले नव्हते. पुढील महिन्यात सेबीने बिघाडापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करणे, त्यानंतर ४५ मिनिटांत दूरस्थ केंद्रातून काम सुरू करणे व १५ मिनिटांहून अधिक काळाच्या नोंदी न गमावणे, अशी बंधने घातली. प्रतिकृती असणे पुरेसे नसून तिच्याकडे केव्हा वळावयाचे याचा निर्णयही आधीच ठरलेला असावा लागतो, हे यातून दिसून येते.

लहान संस्थांचा प्रश्न वेगळा आहे. अनेक सहकारी व ग्रामीण बँका स्वतःचे केंद्र न उभारता एखाद्या सामाईक सेवासंस्थेच्या केंद्रातून काम चालवितात. ३१ जुलै २०२४ रोजी अशा एका सेवासंस्थेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयक-जालकापासून तात्पुरते तोडले. परिणामी सु. ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे देयक-व्यवहार खोळंबले. सामाईक केंद्रामुळे खर्च वाटला जातो, तसाच धोकाही वाटला जातो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, देयक-व्यवहारांच्या नोंदी केवळ भारतातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन २०१४ च्या नियमांत असून २०२२ मधील दुरुस्तीने ती प्रत रोज घेणे आवश्यक केले आहे.

मर्यादा व दक्षता : दूरस्थ संचय भाड्याने घेतल्याने जबाबदारी संपत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रॅसबर्ग येथे एका मोठ्या सेवाकंपनीचे केंद्र आगीत भस्मसात झाले. आपली माहिती दूर आहे एवढ्यावरच समाधान मानून दुसऱ्या ठिकाणी प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी केंद्रात आग लागून शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामाईक संग्रहातील सु. ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. संग्रह फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रत घेतलेली नव्हती. ग्राहकाने आपल्या प्रती नेमक्या कोणत्या इमारतीत आहेत, त्या इमारतींची वीज व जोडण्या स्वतंत्र आहेत काय आणि करार संपल्यावर माहिती किती काळात परत मिळेल, हे लेखी ठरवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता म्हणजे प्रतीवरून काम प्रत्यक्ष सुरू करून पाहणे. प्रत घेण्याची क्रिया रोज यशस्वी झाल्याची नोंद येत असली, तरी फीत वाचली न जाणे, किल्ली हरवणे, एखादा आवश्यक संग्रह यादीतून सुटणे किंवा जुनी प्रत वाचणारी आज्ञावली उपलब्ध नसणे, असे दोष परत आणण्याच्या वेळीच उघड होतात. म्हणून वर्षातून किमान एकदोनदा मुख्य केंद्र बंद आहे असे गृहीत धरून दूरच्या केंद्रातून पूर्ण दिवस काम चालविण्याची कवायत करावी. लहान व्यावसायिकानेही दर महिन्याला एखादी फाइल प्रतीवरून परत आणून ती मूळ नोंदीशी ताडून पाहावी. अशा पडताळणीत उतरलेली प्रतच भरवशाची समजावी.